चार बोटांची फट

सांगलीला धवलने बंगला बांधला आणि गोदावरीबाई पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गेल्या, तेव्हा सून मोठ्या हौसेने फरशी दाखवत होती. गोदावरीबाईंचं फरशीकडे लक्ष नव्हतं. त्या समोरची भिंत बघत होत्या. मध्ये खिडकी नाही, कोनाडा नाही, दार नाही. नुसती भिंत. त्या तिच्या एका टोकाला गेल्या आणि पावलाला पाऊल लावत दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या.

"आई, काय करताय?" ऋचाने विचारलं.

"काही नाही. मोजतेय."

"चौदा फूट आहे. प्लॅनमध्येच आहे की."

चौदा. त्यांना नऊच हवे होते. अडतीस वर्षं त्या नऊ फुटांची भिंत शोधत होत्या.

अठ्ठावन्न साली बिऱ्हाड साताऱ्याला होतं, यादोगोपाळ पेठेत, माडीवरच्या दोन खोल्या. विष्णुपंत शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. गावात त्यांना बोपर्डीकर मास्तर म्हणत. वर्षभर पोरांच्या वह्यांतले वाकडे पेरू आणि तिरक्या बादल्या सरळ करून ते इतके कंटाळायचे, की मे महिन्याची सुट्टी लागली रे लागली की स्वतःचं काहीतरी काढायला घ्यायचे. त्या सुट्टीत त्यांच्या मनात आलं, माहुलीचा संगम काढायचा. डावीकडून कृष्णा, उजवीकडून वेण्णा, मधे दोन्हींचं पाणी मिळालेलं, आणि उजव्या काठाला घाट.

"एवढं मोठं चित्र काढणार कशावर?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"प्लायवूडवर. शाळेत सायन्सचं सामान येतं त्या खोक्यांचा चांगला प्लायवूड पडलाय."

"आणि जिन्यातून वर कसा येणार?"

जिना इतका चिंचोळा, की लग्नातला पलंगसुद्धा सुटा करून वर न्यावा लागला होता. विष्णुपंतांनी डोकं खाजवलं आणि तीन फळ्या करून घेतल्या. प्रत्येकी तीन फूट रुंद, चार फूट उंच. खिडकीपाशी एका वेळी एकच फळी उभी राहायची. एकीवर रंग चढत असताना दुसऱ्या दोघी पलंगामागे.

कच्चं रेखाटन केलं तेव्हा त्यांनी मधल्या फळीवर, घाटाच्या पायरीवर एक बाई उभी केली. कमरेवर घागर, तांबडं इरकली लुगडं, आणि मान जरा वळवून बघणारी. गोदावरीबाई भाकरी थापता थापता उठून आल्या, बघतात तर त्याच.

"अगंबाई! पुसा आधी. लोक काय म्हणतील? मास्तरांनी बायकोला घाटावर उभी केली!"

"लोकांना काय कळतंय?"

"न कळायला काय झालं? शेजारच्या रंगुबाई रोज येतात ताक न्यायला. नाकावरून ओळखतील. मला तोंड दाखवायला जागा नाही राहायची."

तो काळच तसा होता. नवऱ्याबरोबर देवळात जायचं तरी बाई चार पावलं मागून चालायची. विष्णुपंतांनी हुज्जत घातली नाही. खोडरबर घेतलं, बाई पुसली. गोदावरीबाई समाधानाने चुलीपाशी गेल्या. समाधान झालं खरं, पण रात्री वाटलं, पुसलीच की हो त्यांनी, एका शब्दात.

जून उजाडायच्या आत एका रविवारी विष्णुपंतांनी शाळेच्या शिपायाकडून, अर्जुनाकडून, ड्रॉइंग हॉलची किल्ली मागून घेतली आणि बायकोला म्हणाले, "चल, तुला संगम दाखवतो." हॉलमध्ये भिंतीला तिन्ही फळ्या टेकवून ठेवल्या होत्या, एकीला एक भिडवून. पहिल्यांदाच. आणि मधली फळी संपून तिसरी जिथे सुरू होते, बरोबर त्या सांध्यावर, ती उभी होती. घागर, कोपर आणि लुगड्याच्या निऱ्या मधल्या फळीवर. खांदा, मान आणि चेहरा तिसऱ्या फळीवर, कडेच्या चार बोटांत, पदराच्या तांबड्या फटकाऱ्यांत अशी मिसळलेली, की शेजारी कोपर आल्याशिवाय चेहरा म्हणून ओळखू येऊ नये.

गोदावरीबाई सांध्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आता बोल," विष्णुपंत म्हणाले. "एकेक फळी बघणाऱ्याला काय दिसेल? इकडे एक कोपर, तिकडे एक तांबडा डाग. तिन्ही जोडल्या तरच तू. आणि जोडायला नऊ फुटांची भिंत लागते. ती आपल्याला या जन्मी मिळत नाही. तेव्हा तुझी अब्रू शाबूत आहे."

त्या हसल्या, रागावल्या, पदर तोंडाला लावला, आणि पदराआडून डोळे भरून बघून घेतलं. लग्नातल्या फोटोत त्यांची मान खाली होती आणि कपाळापासून नाकापर्यंत मुंडावळ्या. पुढे बारशा-मुंजींचे जे फोटो निघाले त्यात त्या कायम मागे, कुणाच्या तरी खांद्याआड, नाहीतर स्वयंपाकघरात. तिसाव्या वर्षी आपण कशा दिसत होतो याचा जगात एवढाच पुरावा होता, चार बोटं रुंद. आणि तो त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, त्या रविवारी, घटकाभर. मग अर्जुना किल्ली न्यायला आला.

पुढे एक फळी बाहेरच्या खोलीत, दोन कपाटामागे, असा संसार झाला. घरं बदलली, पण भिंत सहा फुटांच्या वर कधी गेली नाही. एक्याऐंशी साली विष्णुपंत गेले. तीन वर्षांनी गोदावरीबाईंनी साताऱ्याचं बिऱ्हाड मोडलं, कारण थोरला धवल सांगलीला नोकरीत स्थिरावला होता आणि आईने एकटीने राहावं हे त्याला बरं दिसत नव्हतं.

बिऱ्हाड मोडायचं म्हणजे वाटण्या आल्या. आणि वाटणीच्या बाबतीत गोदावरीबाईंचं नाव सगळ्या पेठेत होतं. तीन मुलं वाढवली ती एकाच शब्दावर: सारखं. आंबा एकच असला तर कोय काढून दोऱ्याने मापून तीन भाग. दूध पेल्यात ओतलं की तिन्ही पेले ओळीत मांडून बोट उभं धरून मापायच्या. कोय कुणाला यावरून मात्र रोज भांडण व्हायचं, तेव्हा त्या कोय स्वतः चोखायच्या. वाटणीच्या दिवशीही तसंच केलं. ताटं सारखी, पातेली सारखी, पितळी डबे सारखे. शेवटी उरल्या तीन फळ्या. मुलंही तीन. देवानेच मापून दिल्यासारखं.

"अण्णांची आठवण तिघांकडे सारखी राहील," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठ्या टाकल्या. मधली धवलला आली. डावीकडची, कृष्णेची, धाकट्या राजसला. घाटाची तिसरी, मधल्या मायाला.

रंगुबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाटणी करावी तर गोदावरीबाईंनी! करवतीने कापल्यासारखी."

त्या वेळी एकदा, फक्त एकदा, त्यांच्या जिभेवर आलं होतं, की अरे, या फळ्या सुट्या नाहीत. पण मग सांगावं लागलं असतं का नाहीत ते. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झालेली, कपाळ मोकळं, समोर जावई बसलेला, आणि आपण सांगायचं, की सांध्यावर बघा, मी आहे, इरकली नेसून? त्यांनी चिठ्ठ्यांचे कागद गोळा करून चुलीत टाकले.

आणि आता बारा वर्षांनी चौदा फुटांची भिंत पुढ्यात उभी होती.

भिंतीसाठी ऋचाचे बेत निराळे होते. मिरजेचा एक डेकोरेटर, लालासाहेब, हातात जाडजूड कॅटलॉग घेऊन यायचा. पांढरे बूट, खिशाला दोन पेनं. कॅटलॉगमध्ये धावते घोडे होते, चार तुकड्यांत. एका तुकड्यात नुसते पाय, एकात नुसती आयाळ. बर्फाचे डोंगर होते, तीन तुकड्यांत. मावळता सूर्य होता, पाच तुकड्यांत, मधला सगळ्यात लांब.

"वहिनी, हल्ली एकच फ्रेम कुणी लावत नाही," लालासाहेब सांगत होता. "मोठी भिंत म्हटली की पीसेसच. मुंबईहून आठ दिवसांत मागवतो."

"घोडे बरे वाटतात," ऋचा म्हणाली. "प्रगतीचं चिन्ह असतं म्हणे."

"घोड्याचे पाय एकीकडे आणि तोंड एकीकडे, कसली प्रगती?" गोदावरीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "धवल, या भिंतीवर अण्णांचं चित्र लागेल. तिन्ही फळ्या."

धवलने वर्तमानपत्र खाली ठेवलं. जन्मात आईने स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. ऋचाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने वर्तमानपत्र परत उचललं.

पण लालासाहेब उठला. धवलच्या जुन्या घरातून आलेली मधली फळी अजून जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने ती फिरवली, फुंकर मारली, दोन पावलं मागे सरला.

"साहेब, हे हॅण्डपेंटेड आहे! असे अजून दोन पीस आहेत तुमच्याकडे? लोक पुण्या-मुंबईत शोधत फिरतात असलं काही, आणि तुम्ही जिन्याखाली ठेवलंय?"

सासूच्या शब्दाने जे झालं नसतं ते लालासाहेबाच्या एका वाक्याने झालं. ऋचाने घोड्यांवरचं बोट उचललं. गोदावरीबाईंना आनंद झाला, आणि आपल्या आनंदाला या पांढऱ्या बुटवाल्याचं प्रशस्तिपत्रक लागावं याचं वाईटही वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.त बसल्या.

आधी साताऱ्याला, राजसकडे. त्याने कृष्णेच्या वरच्या अंगाला, आभाळात, खिळा ठोकून कॅलेंडर अडकवलं होतं.

"वाटणीत आलेली वस्तू आहे आई, तूच दिलीस," तो म्हणाला. "आता दादाच्या हॉलमध्ये लागणार, आणि येणारे-जाणारे म्हणणार, धवलने वडिलांचं नाव राखलं."

"नाव त्यांनी स्वतःच खाली कोपऱ्यात लिहिलंय. ते कोण पुसतंय?"

"ने बाई, ने. पण खिळ्याचं भोक माझं आहे म्हणून सांग दादाला. त्यावर हक्क सोडलेला नाही."

असं हसत हसतच त्याने कॅलेंडर काढलं, पण हसण्यात धार होती. गोदावरीबाईंनी ती ओळखली. त्यांच्याच पेल्यांवर परजलेली होती.

मग मलकापूर, मायाकडे. कराडला उतरून रिक्षाने गेल्या. मायाच्या बाहेरच्या खोलीत खिडकी आणि भिंतीतलं कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत तिसरी फळी टांगली होती. भोवती रुंद सोनेरी चौकट.

"घेऊन जा गं," माया म्हणाली. "अडचणच होते तिथे. हे मागेच म्हणत होते, माळ्यावर टाकू."

इतक्या सहज मिळेल असं गोदावरीबाईंना वाटलं नव्हतं. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू मिरजेला काढून आणलेला, डाव्यातला अजून पिकायचा होता. त्यांनी जवळ जाऊन चित्राच्या डाव्या कडेला बोट लावलं. बोटाला चौकटीचं लाकूड लागलं.

"चौकट कधी केलीस?"

"कपाट केलं तेव्हाच. त्याच सुताराने दिली करून."

चौकट रुंद आहे, चेहरा तिच्याखाली गेला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. एवढी वर्षं पदराखाली होता, आता लाकडाखाली. उघडता येईल.

दोन्ही फळ्या चादरीत गुंडाळून टेम्पोने सांगलीला आल्या. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी राजस आणि माया आपापल्या माणसांना घेऊन आले. सकाळी लालासाहेब आला, आणि त्याच्याबरोबर तासगावकडचा सुतार, हरिबा. मिशा पांढऱ्या, कानावर पेन्सिल, आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी.

"मधे दोन-दोन बोटांची गॅप सोड," लालासाहेबाने हरिबाला सांगितलं.

"गॅप सोडायची नाही," गोदावरीबाई म्हणाल्या.

"मावशी, मल्टी-पीसला गॅप लागतेच. नाहीतर चित्र अंगावर येतं."

"नदीत फट कुठे बघितलीत का, लालासाहेब?"

हरिबा मिशीत हसला. "आजींचं बराबर हाय. पानी कुटं थांबतंय व्हय दोन बोटं सोडून?"

"तुला विचारलंय का?" लालासाहेब म्हणाला.

"आई, त्यांना त्यातलं कळतं," ऋचा म्हणाली.

गोदावरीबाई खुर्चीवरून उठल्या. "धवल, एकदा तिन्ही भिडवून लाव. मला एकदा बघू दे. मग मी गेल्यावर वाटेल तेवढी फट सोड, हत्ती जाईल एवढी सोड."

"शुभकार्याच्या आदल्या दिवशी हे काय बोलणं?" धवल चिडला, आणि चिडूनच म्हणाला, "हरिबा, भिडवून लावा. होऊ दे एकदा आईच्या मनासारखं."

हरिबाने भिंतीवर सुतळी धरून रेघ मारली, लाकडी गुट्ट्या ठोकल्या. कृष्णेची फळी चढली. मधली चढली. सांध्यावर पाण्याची रेघ अशी जुळली, की जशी कधी तुटलीच नव्हती. राजससुद्धा म्हणाला, "च्यायला! अण्णा भारीच होते." मधल्या फळीच्या उजव्या कडेला घागर दिसू लागली, तिच्यावरून वळलेला कोपर, तांबड्या निऱ्या. गोदावरीबाई उभ्याच होत्या. छातीत तिसाव्या वर्षीसारखं धडधडत होतं. आता चौघांदेखत दिसणार. दिसू दे. अडुसष्टाव्या वर्षी कसली अब्रू? विचारलं तर सांगून टाकायचं, मीच ती. पोरं हसतील. हसू देत.

हरिबाने तिसऱ्या फळीची सोनेरी चौकट उचकटली. फळी मोकळी केली, टेप लावला, परत लावला.

"आजी, ही फळी तोकडी हाय."

"म्हणजे?"

"त्या दोन तीन-तीन फुटाच्या हायेत. हिला चार बोटं कमी. ह्या अंगानं कापल्याली दिसतीया करवतीनं." त्याने डावी कड दाखवली. बाकीच्या कडा तेल पिऊन काळ्या झालेल्या. ही तेवढी पिवळी.

गोदावरीबाईंनी मायाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"अगं, हो," माया म्हणाली. "कपाट केलं तेव्हा जागेत बसेना ना. म्हणून सुताराने थोडी घेतली कापून. तिकडे कडेला काही नव्हतंच आई, नुसता तांबडा डाग होता. मला वाटलं अण्णांनी ब्रश पुसला असेल."

"आणि ती पट्टी?"

"कुठली पट्टी?"

"कापलेली."

"ती होय? बंबात घातली असेल गं. सुताराचा सगळा चुरा आणि तुकडे बंबातच जायचे. दहा वर्षं झाली त्याला."

गोदावरीबाई खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाणी तापलं का नीट?"

"काय?"

"काही नाही."

मायाला त्यात टोमणा आहे एवढं कळलं, कसला ते कळलं नाही. ती फणकारली. "बघ आता. वस्तू मला दिलीस ना? माझी म्हणून दिलीस. मग जागेत बसवायला कापली तर एवढं काय झालं? राजसने खिळा ठोकला ते चालतं."

"मी काही म्हटलं का?"

"तू कधीच काही म्हणत नाहीस. तेच तर."

हरिबाने तिसरी फळी तशीच भिडवून लावून दाखवली. घाटाच्या पायऱ्या जुळेनात. मधल्या फळीवरची पायरी तिसरीवर दोन बोटं खाली उतरली होती. आणि सांध्यावर घागर, कोपर, निऱ्या, आणि लगेच दगड. बाईला कुणीतरी भिंतीत चिणत आणावं आणि शेवटची वीट राहावी, तसा तो कोपर बाहेर.

"हा कोपर कुणाचा?" धवलने विचारलं. बारा वर्षं फळी त्याच्या घरात होती. कोपर त्याला आज दिसला.

बोलायची हीच वेळ होती. तिघं समोर उभी होती, मोठी झालेली, केस पिकू लागलेली, सारख्या मापाने वाढवलेली. गोदावरीबाईंनी तोंड उघडलं. पण आता सांगून दाखवायचं काय? चेहरा असता तर बोट दाखवता आलं असतं. नसलेल्या चेहऱ्यावर हक्क सांगायचा, आणि मायाला जन्मभराचा चटका द्यायचा? की खरं तर द्यायची इच्छा होती, आणि तीच त्यांना भिववत होती? त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही.

"असेल कुणीतरी पाण्याला आलेली," त्या म्हणाल्या.

"अण्णांना माणसं कुठे जमायची," राजस म्हणाला. "ते नद्या-डोंगरांतले. म्हणून अर्धीच काढून सोडली असेल."

ऋचा पुढे आली. "त्यात काय, मिरजेहून बोर्ड रंगवणारा कुणी बोलावू. कोपर पुसून तिथे पायरी काढून देईल. तासाभराचं काम."

"त्याला हात लावायचा नाही!"

गोदावरीबाईंचा असा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. हरिबाने सुद्धा हातोडी खाली ठेवली. मग त्याच, हळू आवाजात, जवळजवळ विनवणीने म्हणाल्या, "हरिबा, ही शेवटची फळी चार बोटं सरकवून लावा. तुमची चार बोटं नको, माझी." त्यांनी हात आडवा करून फळीच्या कडेला धरला. "एवढी. डावीकडचा सांधा भिडलेलाच राहू दे, तिकडे काही गेलेलं नाही. फट इकडेच हवी."

हरिबाने त्यांच्या बोटांच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारली. फळी उचलून त्या रेघेला धरली. पायऱ्या जुळल्या. मधे चार बोटं कोरी भिंत, आणि दोन्हीकडून सगळं तिच्यापाशी येऊन थांबलेलं. एका बाजूला कोपर, दुसऱ्या बाजूला पायरीवर पडलेली सावली. तिची सावली तेवढी तिसऱ्या फळीवर राहिली होती. ती कुणी कापली नव्हती, कारण ती दगडासारखीच दिसत होती.

"बराबर," हरिबा पुटपुटला. "इथं काय तरी हुतं. लय बारीक काम हुतं."

तेवढाच एक माणूस. गोदावरीबाईंनी मान हलवली.

पण लालासाहेब हसत होता. "मावशी, आधी फट नको म्हणालात, आता एकाच बाजूला? लोक म्हणतील सुतार चुकला. माझं नाव जाईल. गॅप सोडायची तर दोन्हीकडे सारखी."

"दोन्हीकडे नको. तिकडे काय कारण?"

"वाकडं दिसेल आई," धवल म्हणाला. एकदाचा तिढा सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता. "आणि तूच ना आम्हाला शिकवलंस? जे करायचं ते सारखं. हरिबा, दोन्हीकडे दोन-दोन बोटं सोडा. म्हणजे कुणाचं काही बोलणं नको."

राजस म्हणाला, "हे बेस." माया म्हणाली, "मी तेच म्हणणार होते." तिघांचं एकमत क्वचित व्हायचं. आज झालं.

गोदावरीबाई भिंतीपासून बाजूला झाल्या. हरिबाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिलं, अंगठ्याने रेघ पुसली, आणि गुट्टी काढून दुसरीकडे ठोकली. कृष्णेची फळी बाजूला सरकली. मघाशी जुळलेलं पाणी तुटलं. डावीकडे दोन बोटं फट पडली, जिथे कुणीच नव्हतं. उजवीकडे दोन बोटं उरली, आणि तेवढ्यात ती मावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीला माणसांची रीघ लागली. जो तो हॉलमध्ये आला की आधी भिंतीकडे बघायचा. ऋचा सांगत होती, "सासऱ्यांचं ओरिजिनल आहे. तीन पॅनेल, मधे गॅप, हल्लीची पद्धत आहे ती." धवल सांगत होता, "अण्णांची आठवण. तिघा भावंडांच्या तीन फळ्या, एकत्र आणल्या." लोक म्हणत होते, असं चित्र हवं, अशी मुलं हवीत. एक म्हातारे गृहस्थ, साताऱ्याचे, चष्मा पुसून फटीपाशी डोळे नेऊन बराच वेळ उभे राहिले. "इथे कुणीतरी आहेसं वाटतंय," ते म्हणाले. मग त्यांना जेवायला बोलावलं.

नैवेद्य झाला. शिऱ्याचं पातेलं आतून बाहेर आलं, तुपाने चकाकणारं. वाट्या ओळीत मांडलेल्या होत्या. ऋचाने नेहमीप्रमाणे डाव सासूच्या हातात दिला. "आई, तुम्हीच वाढा. तुमच्यासारखं मापात कुणाला जमत नाही."

गोदावरीबाईंनी डाव हातात घेतला, वाट्यांच्या ओळीकडे पाहिलं, आणि परत पातेल्यात सोडून दिला.

"तू वाढ," त्या म्हणाल्या. "कमी-जास्त होऊ दे. मला आता सारखं करायचं नाही."